एका शिलिंगाचे जहाज : 'एडविन फॉक्स' आणि अभिमानाचा अपुरा हिशेब

१/
१९६५ साली न्यूझीलंडमधील पिक्टन या लहानशा बंदरात एका जहाजाचा सौदा झाला. ठरलेली किंमत होती एक शिलिंग. जहाजावर डोलकाठ्या उरल्या नव्हत्या, शिडे केव्हाच उतरली होती आणि पोटात अनेक दशकांच्या कोळशाची काजळी साचली होती. ११२ वर्षांपूर्वी, १८५३ साली, हेच जहाज कलकत्त्यासमोर हुगळीच्या पात्रात उतरले होते. त्याचे नाव 'एडविन फॉक्स'. हा थ्रेड त्या जहाजाच्या कारकिर्दीचा आहे. भारतीय वाचकाने त्या कारकिर्दीकडे कोणत्या नजरेने पाहावे, या प्रश्नाचाही आहे.

२/
भारतीय जहाजबांधणीचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक मांडणी पुढे येते : मलबारचे सागवान, मुंबईची गोदी, वाडिया घराण्याचे कसब आणि ते पाहून चकित झालेले इंग्रज. यातील बहुतेक तपशील खरे आहेत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे उत्तम जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

३/
परंतु ही मांडणी ज्या क्षणी जहाज गोदीतून सुटते, त्याच क्षणी थांबते. जहाज कोणी बांधले एवढेच ती सांगते. ते कोणी विकत घेतले, त्याच्या पोटात काय भरले, कोणाला भरले आणि ज्या किनाऱ्यावर ते रिकामे झाले तेथे पुढे काय घडले, याविषयी ती मौन पाळते. 'एडविन फॉक्स'सारख्या साध्या मालवाहू जहाजाची कारकीर्द हे मौन मोडते. भारतीय हातांनी बांधलेल्या जहाजांचा इतिहास सांगायचा असेल, तर तो या संपूर्ण प्रवासासह सांगितला पाहिजे, हे या लेखनाचे म्हणणे आहे.

४/
१८५३ हे साल मराठी वाचकाला परिचित आहे. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. त्याच वर्षी हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्याजवळच्या सालकिया येथील गोदीत 'एडविन फॉक्स' तयार झाले. त्याच्या फळ्या ब्रह्मदेशातील सागवानाच्या होत्या, तर सांगाड्यासाठी साल वृक्षाचे लाकूड वापरले होते. हे ब्रह्मी सागवान इतक्या सहजपणे बंगालमध्ये कसे येत होते? १८२४ ते १८२६ च्या पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर तेनासरीमचा किनारा कंपनीच्या हाती गेला आणि मौलमीन हे सागवानाचे मोठे बंदर झाले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात पेगूही गेले. जहाजाची पहिली फळी ठोकली जाण्यापूर्वीच त्याच्या इतिहासात दोन युद्धे येऊन बसली होती.

५/
सागवानाला एवढी मागणी का, हे समजून घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील जहाजे मुख्यतः ओक लाकडाची असत. ओकमध्ये टॅनिक आम्ल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे व बोल्ट हळूहळू गंजतात. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते लोखंडाला फारसे खात नाही, पाण्याने सहजासहजी कुजत नाही आणि समुद्री किड्यांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणूनच सागवानी जहाज ओकच्या जहाजापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकत असे. 'एडविन फॉक्स' आज अस्तित्वात आहे याचे पहिले श्रेय या लाकडाला आणि ते घडविणाऱ्या बंगालच्या सुतारांना जाते.

६/
मात्र त्या सुतारांची नावे जहाजाच्या प्रचलित कथेत कोठेही येत नाहीत. मुंबईत वाडियांचे नाव राहिले, कारण गोदीचा मुख्य बांधणीकारच त्यांच्या घराण्यातील असे. कलकत्त्यातील खासगी गोद्या युरोपीय मालकांच्या होत्या. तेथे काम करणारा कारागीर रोजंदारीच्या खात्यात जमा झाला आणि तेथेच लुप्त झाला. खलाशांच्या बाबतीतही निराळे घडले नाही. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने हिंदी खलाशांना, ते ब्रिटिश प्रजाजन असूनही, 'ब्रिटिश खलाशी' म्हणून गणण्यास नकार दिला. हिंदी लाकूड आणि हिंदी श्रम चालत होते. त्यांना बरोबरीचे स्थान देणे चालत नव्हते.

७/
'एडविन फॉक्स' दिसायला अगदी सामान्य होते. तीन डोलकाठ्या, फुगीर पोट आणि सुमारे ८३६ टनांची क्षमता. वेगाच्या बाबतीत त्याची कीर्ती कधीच झाली नाही. १८६९ साली पाण्यात उतरलेले 'कटी सार्क' हे चहावाहू क्लिपर जहाज वेगासाठी घडवले होते. त्याचे अंग निमुळते होते आणि शिडांचा पसारा प्रचंड होता. 'एडविन फॉक्स'ची रचना नेमकी उलट विचारातून झाली होती : सावकाश चालले तरी चालेल, पण पोटात अधिकाधिक माल मावला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील जगाचा बहुतांश माल आणि बहुतांश माणसे अशाच जहाजांनी वाहिली. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र चित्र छापले जाते ते क्लिपरचे.

८/
पहिल्या सफरीत हे जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडनला पोचले आणि लवकरच डंकन डनबार या बड्या जहाजमालकाच्या ताफ्यात दाखल झाले. तेव्हा क्रिमियाचे युद्ध पेटले होते. ब्रिटनजवळ सैन्य होते, तोफा होत्या, पण एवढे सैन्य वाहून नेण्यास पुरेशी सरकारी जहाजे नव्हती. म्हणून खासगी व्यापारी जहाजे भाड्याने घेतली गेली. भाडे ठरे जहाजाच्या टनांवर आणि महिन्यांवर. युद्ध जितके लांबेल, तितका मालकाचा नफा वाढे. मालवाहू म्हणून बांधलेले 'एडविन फॉक्स' अशा रीतीने सैन्यवाहू झाले.

९/
युद्ध संपत आले तेव्हा जहाज पुन्हा नागरी व्यापाराकडे वळले. फेब्रुवारी १८५६ मध्ये ते प्रवासी घेऊन मेलबर्नकडे निघाले. १८५१ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडल्यापासून मेलबर्न हे साऱ्या जगाच्या नशीबपरीक्षेचे बंदर झाले होते. तेथून पुढे ते चीनच्या बंदरांमधील व्यापारात उतरले. आरंभीच्या तीन-चार वर्षांतच बंगाल, लंडन, क्रिमियाचे युद्ध, ऑस्ट्रेलिया आणि चीन या एका साखळीच्या कड्या झाल्या. त्या साखळीत कोठेही एखादा थोर दर्यावर्दी नव्हता. होते ते भाड्याचे करार आणि मालाच्या याद्या.

१०/
१८५८ साली ब्रिटिश सरकारने 'एडविन फॉक्स' पुन्हा भाड्याने घेतले. या वेळी त्याच्या पोटात कैदी होते. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणे १८४० मध्येच थांबले होते आणि टास्मानियात १८५३ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वसाहत मात्र मजुरांच्या टंचाईने बेजार झाली होती. तिने आपण होऊन कैद्यांची मागणी केली आणि १८५० पासून तेथे कैदी येऊ लागले. 'एडविन फॉक्स'ने सुमारे २८० कैदी नोव्हेंबर १८५८ मध्ये फ्रीमँटल बंदरात उतरवले. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेल्या जहाजांपैकी आज शिल्लक असलेले हे एकमेव जहाज आहे.

११/
येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच १८५८ च्या मार्चमध्ये, सत्तावन्नच्या उठावातील कैद्यांना घेऊन पहिले जहाज अंदमानात पोचले आणि 'काळे पाणी' या शब्दाला त्याचा पुढचा भयानक अर्थ मिळू लागला. एका साम्राज्याने एकाच वर्षी लंडनचे गुन्हेगार हिंदी महासागराच्या एका टोकाला नेले आणि हिंदुस्थानचे बंडखोर दुसऱ्या बेटावर. शिक्षा, जहाजे आणि मजुरी यांची ही एकच यंत्रणा होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात कैदी पोचवणारे अखेरचे जहाज 'हुगुमाँ' १८६८ साली फ्रीमँटलला लागले. तेही मौलमीन येथे बांधलेले होते आणि तेही डनबारच्याच ताफ्यातले होते.

१२/
याहून अस्वस्थ करणारा अध्याय क्युबाचा आहे. 'एडविन फॉक्स'ने चीनमधून करारबद्ध मजूर क्युबाला नेले. तेथील उसाच्या मळ्यांवर गुलामगिरी अद्याप कायदेशीर होती. ती १८८६ साली संपली. पण आफ्रिकेतून नवे गुलाम आणणे कठीण होत चालल्याने मळेवाल्यांनी चीनकडे मोर्चा वळवला. १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर क्युबात उतरले. करार सामान्यतः ८ वर्षांचा असे. कागदावर तो मजूर स्वतंत्र होता. प्रत्यक्षात अनेकांना फसवून वा पळवून आणलेले होते आणि करार संपल्यावरही त्यांची सुटका होत नसे. १८७४ साली चीनच्या सरकारने पाठवलेल्या चौकशी आयोगापुढे क्युबातील मजुरांनीच ही कहाणी सांगितली.

१३/
आता जहाजाच्या अंतर्भागाकडे पाहावे. वरच्या डेकच्या खाली आणि तळाच्या कोठाराच्या वर आणखी एक मजला असतो. सैनिक तेथेच झोपले, कैदी तेथेच डांबले गेले, मजूर तेथेच कोंबले गेले आणि पुढे स्थलांतरित कुटुंबांनी तेथेच तीन-तीन महिने काढले. अशा प्रत्येक फेरीपूर्वी जहाजावरचे सुतार गरजेप्रमाणे फळ्यांचे बिछाने, आडोसे किंवा गजांच्या भिंती उभारत आणि फेरी संपली की उतरवून टाकत, म्हणजे परतीचा माल भरता येई. जहाजाच्या दृष्टीने चहाची पेटी, सैनिक आणि कैदी यांत फरक जागेच्या मापापुरता होता. जागतिक व्यापाराची व्याख्या पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा या एका मजल्यावर उभे राहून अधिक स्पष्ट होते.

१४/
१८६० च्या दशकात काळ बदलू लागला. १८६२ साली डनबार वारला आणि त्याचा ताफा विखुरला. १८६७ मध्ये 'एडविन फॉक्स'ची शिडे बदलली. तिसऱ्या, म्हणजे मागच्या, डोलकाठीवरची आडवी चौरस शिडे काढून ते 'बार्क' पद्धतीचे करण्यात आले. कारण सरळ होते. चौरस शिडे कमी म्हणजे ती आवरणारे खलाशी कमी, आणि खलाशी कमी म्हणजे पगार कमी. दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, सुवेझ कालवा उघडला. या कालव्यातून आगबोटी सहज जात, पण शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातील वारे अडचणीचे ठरत. पूर्वेकडचा फायदेशीर व्यापार वाफेकडे गेला आणि म्हाताऱ्या शिडांच्या वाट्याला दूरचे, स्वस्त आणि कष्टाचे मार्ग उरले.

१५/
न्यूझीलंड हा असाच एक मार्ग होता. तेथील वसाहत सरकारने १८७० नंतर ज्युलियस व्होगेल यांच्या योजनेनुसार कर्ज काढून रेल्वे व रस्ते बांधायला घेतले आणि ब्रिटनमधून सवलतीच्या भाड्यात लोक आणायला सुरुवात केली. १८७३ पासून 'एडविन फॉक्स' याच कामी लागले. पहिल्याच सफरीत बिस्केच्या उपसागरात वादळाने त्याला इतके झोडपले की दुरुस्तीसाठी फ्रान्समधील ब्रेस्ट बंदर गाठावे लागले. तरीही त्याने एकंदर ४ सफरी केल्या आणि ७५१ प्रवासी न्यूझीलंडला पोचवले. आज तेथील कित्येक कुटुंबांच्या वंशावळीत या जहाजाचे नाव आदराने लिहिलेले आढळते.

१६/
हा आदर खोटा नाही. गरिबीतून सुटू पाहणाऱ्या एखाद्या शेतमजुराला आणि त्याच्या मुलाबाळांना या जहाजाने खरोखरच नवे आयुष्य दिले. पण ज्या जमिनीवर हे नवे आयुष्य उभे राहिले, ती रिकामी नव्हती. १८४० च्या वैतांगी तहात माओरींना त्यांच्या जमिनीची शाश्वती दिली होती. १८६० च्या दशकातील युद्धांनंतर, १८६३ च्या कायद्याचा आधार घेऊन, त्यांच्या फार मोठ्या भूभागाची जप्ती झाली. वसाहतीला माणसे हवी होती ती याच भूमीवर पाय रोवण्यासाठी. एका घराण्याच्या स्मृतीत जे आगमनाचे जहाज आहे, ते दुसऱ्याच्या स्मृतीत बेदखलीचे जहाज असू शकते. दोन्ही स्मृती एकाच लाकडावर कोरलेल्या आहेत.

१७/
१८८० च्या दशकात 'एडविन फॉक्स'ची दूरच्या प्रवासांची उमर संपली, नोकरी मात्र संपली नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत 'डनेडिन' हे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले आणि ते मांस तेथे उत्तम स्थितीत पोचले. एका फेरीने देशाची अर्थव्यवस्था बदलली. आता मेंढीची केवळ लोकर नव्हे, मांसही विलायतेत विकता येणार होते. पण किनाऱ्यावर शीतगृहे नव्हती. १८८५ मध्ये 'एडविन फॉक्स'च्या पोटात गोठवण यंत्रे बसवली गेली आणि ते पोर्ट चामर्सला तरंगते शीतगृह झाले. वाफेने ज्याला समुद्रातून हुसकावले, त्याच्याच पोटात वाफेची यंत्रे येऊन बसली.

१८/
जानेवारी १८९७ मध्ये ते ओढत पिक्टनला आणले गेले. किनाऱ्यावर पक्की शीतगृहे उभी राहिल्यावर तेही काम सरले आणि १९०५ च्या सुमारास ते कोळशाचे कोठार बनले. एका जागी बांधून ठेवलेल्या अशा निकामी जहाजाला दर्यावर्दींच्या भाषेत 'हल्क' म्हणतात. जवळजवळ १९५० पर्यंत ते कोळसा सांभाळत राहिले. कलकत्त्यात बांधलेले शिडाचे जहाज अणुयुगापर्यंत रोजगारावर होते, ही केवळ मौजेची गोष्ट नव्हे. व्यापारी जहाजाचे मूल्य त्याच्या सौंदर्याने ठरत नाही. ज्या दिवसापर्यंत त्याच्यापासून काही पैसे सुटतात, त्या दिवसापर्यंत ते जगते, हा त्याचा अर्थ.

१९/
याच काळात दुसरे एक जहाज जगभर गाजत होते. त्याचे नाव 'सक्सेस'. तेही ब्रह्मदेशात, १८४० साली, सागवानाचे बांधलेले. १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ते काही काळ तरंगता तुरुंग होते. पण इंग्लंडहून कैदी घेऊन ते कधीच आले नाही. तरीही १८९० नंतर ते 'भयंकर कैदी-जहाज' म्हणून तिकीट लावून दाखवले गेले. जन्मसाल १७९० असे ठोकून देण्यात आले, कोठड्यांत मेणाचे पुतळे बसवले गेले. इंग्लंड-अमेरिकेत लोकांच्या रांगा लागल्या. अखेर १९४६ मध्ये अमेरिकेतील ईरी सरोवरात ते जळाले. खोट्या कैदी-जहाजासमोर गर्दी उसळत होती, तेव्हा खरे कैदी-जहाज पिक्टनला कोळसा साठवत उभे होते.

२०/
तरुण इतिहासप्रेमींनी या तुलनेवर जरा थांबावे. 'सक्सेस'चा इतिहास लोकप्रिय झाला, कारण तो श्रोत्याला हवा तसा होता : एक खलनायक, एक भीषण कोठडी आणि मनाला मिळणारा सुखद थरकाप. समाजमाध्यमांवरचा पुष्कळसा इतिहास आज याच साच्यातून निघतो. फरक इतकाच की थरकापाच्या जागी कधी अभिमान असतो, तर कधी संताप. 'एडविन फॉक्स'ची कथा या साच्यात बसत नाही. तीत खलनायक म्हणून एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. भाडेकरार, कायदे आणि दूरच्या बाजारातील भाव यांनी मिळून ती कथा लिहिली आहे.

२१/
यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की जहाज हे निर्जीव साधन आहे. त्यात कोणी काय भरले याचा दोष लाकडाला वा सुताराला कसा देता येईल? आक्षेप रास्त आहे. सुताराला दोष देण्याचे कारणच नाही. पण मग श्रेयाच्या बाबतीतही तीच शिस्त पाळावी लागते. जहाजाने वाहिलेल्या ओझ्याशी बांधणाऱ्यांचा संबंध नसेल, तर जहाजाने गाजवलेल्या पराक्रमाशीही तो नाही. पराक्रम आपला आणि ओझे परक्याचे, हा हिशेब न्यायाचा नाही.

२२/
मुंबईच्याच एका जहाजाचे उदाहरण घ्यावे. १८१३ साली वाडियांनी बांधलेली 'कॉर्नवॉलिस' ही युद्धनौका अभिमानाने उल्लेखिली जाते, कारण १८४२ चा नानकिंगचा तह तिच्यावर झाला. तो तह म्हणजे पहिल्या अफू युद्धाची अखेर होती. त्याने चीनला हाँगकाँग सोडावे लागले. ज्या अफूवरून हे युद्ध पेटले, तिच्यातील मोठा भाग माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जात असे. मुंबईच्या अनेक पेढ्यांचे वैभव त्या व्यापारावर उभे होते. हे सारे ठाऊक असूनही 'कॉर्नवॉलिस'च्या बांधणीचे कौतुक करता येते. हे ठाऊक नसताना केलेले कौतुक मात्र केवळ जाहिरात ठरते.

२३/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या समाजाच्या कारागिरांना त्यांचे श्रेय दोनशे वर्षे नाकारले गेले, त्याने आधी ते श्रेय तरी मिळवावे आणि टीका पुढे कधी करावी, असे काहींना वाटते. या भावनेत तथ्य आहे. परंतु 'एडविन फॉक्स'च्या बाबतीत श्रेय आणि सत्य यांत निवड करण्याची वेळच येत नाही. सालकियाच्या सुतारांचे कसब किती अस्सल होते, याचा पुरावा हाच की इतक्या निरनिराळ्या वापरांतून, उपेक्षेतून आणि समुद्रातून ते जहाज टिकले. ते किती राबवले गेले हे सांगितल्यावाचून ते किती भक्कम होते हे सिद्धच होत नाही.

२४/
१९६५ मध्ये एका शिलिंगाला जहाज घेणाऱ्या संस्थेचे स्वप्न ते पूर्ववत उभे करण्याचे होते : नव्या डोलकाठ्या, नवी शिडे, चकाकता रंग. १९६७ मध्ये ते जवळच्या शेक्सपियर खाडीत नेऊन ठेवले आणि तेथे ते सुमारे २० वर्षे पडून राहिले. १९८६ मध्ये ते पुन्हा तरंगवून पिक्टनला आणले गेले आणि पुढे कोरड्या गोदीत विसावले. शेवटी पूर्ण पुनर्बांधणीचा विचार बाजूला पडला. आहे तो सांगाडा, आहे त्या जखमांसह, जपण्याचे ठरले. पैशांची चणचण हे त्याचे एक कारण असेलही, तरी निर्णय योग्यच ठरला.

२५/
कारण 'पूर्ववत' म्हणजे नेमके कोणत्या सालासारखे? १८५३ चे कोरे करकरीत जहाज उभे केले असते, तर कैदी, मजूर, गोठलेले मांस आणि कोळसा हे सारे पुसले गेले असते. उभ्या शिडांचे जहाज पाहून मन प्रसन्न होते. उघडा सांगाडा पाहून प्रश्न पडतात. मुंबईच्या किनाऱ्यावर वा कोकणात एखाद्या जुन्या गलबताचे, गोदीचे वा गोदामाचे जतन करण्याची चर्चा निघते तेव्हा हा धडा उपयोगी पडावा. वास्तू 'मूळ रूपात' आणण्याच्या उत्साहात तिचे सर्वाधिक बोलके थर खरवडून काढले जाणार नाहीत, एवढी दक्षता घ्यावी.

२६/
यापुढे एखाद्या भारतीय बांधणीच्या जहाजाविषयी अभिमानाने भरलेली पोस्ट समोर आली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. लाकूड कोणत्या जंगलातून आले आणि ते जंगल कोणी, कसे ताब्यात घेतले? बांधणाऱ्याचे नाव राहिले की पुसले गेले? जहाजाच्या मधल्या मजल्यावर कोण होते आणि ते स्वखुशीने आले होते का? आणि ज्या किनाऱ्यावर ते उतरले, तेथे आधी कोण राहत होते? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर अभिमान उरला, तर तो खुशाल बाळगावा. तो अधिक खरा असेल.

२७/
पिक्टनच्या गोदीत आज प्रवासी जहाजाच्या पोटात उतरू शकतो. तेथे तोफा नाहीत, सोनेरी नक्षी नाही, कप्तानाची शानदार खोलीही नाही. आहेत त्या काळवंडलेल्या सागवानी फळ्या, सालाच्या वाकड्या बरगड्या आणि त्यांना जोडणारे जुने खिळे. ब्रह्मदेशात तोडलेले, बंगालमध्ये तासलेले, लंडनमध्ये विकलेले आणि क्रिमिया, फ्रीमँटल, क्युबा व न्यूझीलंड यांच्या कामी आलेले हे लाकूड अजून कुजलेले नाही. सालकियाच्या सुतारांनी आपले काम चोख केले होते. त्या लाकडाने काय काय वाहिले, हे सांगण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे.